मिरोने आभार मानले नव्हते

वीज गेली तेव्हा तंबाखूच्या कारखान्याच्या फाटकावर दोर्वालिनोकाकाच्या खोलीत तीन-चार पोरंपोरी बसली होती. सगळी यंदाच्या हंगामाला नव्यानं लागलेली, पानं निवडणारी. काकाने मेणबत्ती लावली. तुंब्यात एर्व्याचा, म्हणजे इकडच्या कडू चहाचा, हिरवा पाला भरला, चांदीची नळी खोचली, थर्मासातलं गरम पाणी ओतलं आणि पहिला तुंबा स्वतः संपवला. पहिला फार कडू असतो, तो करणाऱ्यानंच प्यायचा.

"काका, फुलवणीच्या शेडमध्ये रात्री कुणी एकटं जात नाही म्हणे?" एका पोरीने विचारलं.

"कोण म्हणतं? इरासी जाते की."

"ती सोडून."

"ती सोडून कुणी जात नाही, हे खरं." काकाने दुसरा तुंबा भरून तिच्या हातात दिला. "तळाशी नळी घोरेपर्यंत पी. अर्धा परत करू नको. आणि आभार मानलेस की तुझा फेरा संपला, मग पुढचा मिळायचा नाही."

"मला काय शिकवता? मी याच खोऱ्यातली आहे."

"मग पाहुण्याने आभार मानल्याशिवाय पाजणाऱ्याने उठायचं नसतं, हेही ठाऊक असेल. ठाऊक आहे ना? तेवढं ध्यानात ठेव आणि ऐक. ही ऐकीव गोष्ट नाही. त्या रात्री तिथं हजर होता त्याच्या तोंडची आहे."

इरासी त्या रात्री कामावर निघाली ती एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात थर्मास घेऊन. दोन वर्षांपूर्वीच्या कार्निव्हलचा मंगळवार. त्या वर्षी कार्निव्हल मार्चात पडला होता, रात्रीसुद्धा अंगाला पोलकं चिकटत होतं. कार्निव्हलच्या मंगळवारी चंद्र नसतोच, कधीच नसतो, त्यामुळे लाल मातीचा रस्ता पायांनीच ओळखायचा. गावातल्या हॉलमधून ढोल ऐकू येत होते. बारा वाजले की राखेचा बुधवार लागतो, वाजंत्री बंद होते, म्हणून सगळं गाव तिकडे लोटलं होतं. कारखान्याकडे निघालेल्या दोघीच, इरासी आणि तिच्या मागून धापा टाकत येणारी, तिच्याबरोबर झाडलोट करणारी लोइवा.

"ताई, आजच झाडायला हवं का गं? सगळे नाचतायत."

"तुला नाचायचंय तर जा. शेडमधला खड्डा मी झाडते."

"तुला एकटीला कशी सोडू? त्या खड्ड्यात..."

"त्या खड्ड्यात काय? बोल ना. माझा भाऊ मेला त्या खड्ड्यात. म्हणून काय आता तो घाण ठेवू?"

इरासी अशीच. पन्नाशीची, शाळा चौथीपर्यंत, तोंडाने फटकळ. मुकादमाला ती भीत नसे आणि पाद्र्यालाही भीत नसे.

फुलवणीची शेड म्हणजे काय, ते तुम्ही नव्या पोरांनी नीट बघितलेलं नाही. कापलेली तंबाखू तिथं पोलादी हंड्यात कोंबतात, झाकण आवळतात आणि आत थंडगार गॅसचं पाणी सोडतात. ते पानाच्या रंध्रारंध्रात शिरतं. दाब काढला की त्याचाच कोरडा बर्फ होतो. मग ती गोठलेली ढेकळं फोडून गरम हवेच्या मनोऱ्यात सोडायची. आतला गॅस एका दणक्यात सुटतो आणि तंबाखू फुलते, मक्याची लाही फुटावी तशी. वजन तेवढंच, आकार दुप्पट. मिरो म्हणायचा, "आपण तंबाखूत हवा भरतो आणि मालक हवा विकतो."

मिरो म्हणजे वाल्दोमिरो, इरासीचा धाकटा भाऊ. त्या शेडमध्ये मनोऱ्यावर होता. फार कमी बोलायचा. लहानपण दोघांचं तंबाखूच्या शेतात गेलं, पानांच्या जुड्या बांधण्यात. एक पान घ्यायचं, बाकीच्यांच्या देठाभोवती गुंडाळायचं, टोक आत खोचायचं. ती सवय त्याच्या बोटांतून कधी गेली नाही. एर्वा पिऊन झाला की बाकीचे तोंडाने आभार मानतात. हा मानत नसे. खिशातून एक पान काढायचा, तुंब्याच्या गळ्याला जुडीसारखं बांधायचा आणि परत द्यायचा. इरासी चिडायची. "तोंडाने आभार म्हणायला दात दुखतात का रे तुझे?" तो हसायचा.

आदल्या वर्षीच्या कार्निव्हलला तो मेला. मनोऱ्याखालच्या खड्ड्यात सापडला, शिडीच्या पायाशी. बाजूला बियरची फुटलेली बाटली, अंगाला बियरचा वास. मुकादम एल्मारने सांगितलं, दारू पिऊन खाली झोपायला गेला असेल. लोकांनी मान डोलावली. बाप दारूनंच गेला होता ना, रक्त कुठं जातं? त्याच बापाच्या प्रेतावर हात ठेवून मिरोने शपथ घेतली होती आणि त्यानंतर बियरचा फेसही जिभेला लावला नव्हता, हे कुणी लक्षात घेतलं नाही. पितरांच्या दिवशी तर कुणीतरी त्याच्या थडग्यावर बियरची रिकामी बाटली ठेवून आलं. थट्टा! इरासीने ती बाटली उचलली, भर दुपारी दारूच्या दुकानात गेली आणि गल्ल्यावर फोडली. "माझा भाऊ पीत नव्हता. ज्याला पटत नसेल त्याने उभं राहून सांगावं." कुणी उभं राहिलं नाही. पटलंही कुणाला नाही.

लोक म्हणाले, तू तो कारखाना सोड. ती म्हणाली, "जिथं त्याचं नाव बुडवलं तिथंच बसून वर काढीन."

तर त्या मंगळवारी ती शेडमध्ये शिरली. मशीन दोन दिवस बंद होतं. ते बंद म्हणून गॅस साचला की वाजणारी घंटाही बंद, दोन्हींची वीज एकच. मशीन बंद तर गॅस कुठला, असं सगळेच धरून चालायचे. छतावर एक दिवा होता, पिवळा. मनोऱ्याखाली खड्ड्याचं चौकोनी तोंड काळं पडलेलं. काठाजवळ बाक.

"तू दुसरा खराटा घेऊन ये," ती लोइवाला म्हणाली. "तोवर मी एर्वा करते. पिऊन मग उतरू."

तुंबा मिरोचाच होता. पहिला तिने स्वतः प्यायला. तेवढ्यात बाकावर शेजारी कुणी बसल्यासारखं झालं. लाकूड करकरलं. लोइवा लवकर आली म्हणायची. इरासीने वर न बघता दुसरा भरला आणि बाजूला धरला. तो हातातून घेतला गेला. थोड्या वेळाने घोरला, कोरडा होऊन परत आला. आभार नाहीत. म्हणजे अजून हवाय. तिने पुन्हा भरला.

"आज तहान लागलेली दिसतेय बाईसाहेबांना. एरवी एकात भागतं."

तेव्हा लांबून, शेडच्या दुसऱ्या टोकाच्या दारातून, आवाज आला.

"ताई, खराटा मिळाला. पण तू कुणाशी बोलतेयस?"

इरासीचा हात थर्मासावर थांबला.

शेजारून गारवा येत होता. हिवाळ्यात गॅसची नळी पांढरी पडते, तिच्याजवळ उभं राहिलं की येतो तसा. मार्चात. उकाड्यात.

तिने मान वळवली नाही. नजर फक्त खाली नेली.

बूट होते.

उजव्या बुटाला नाडी नव्हती. पानं ओवायचा सुतळीचा दोरा होता. तिनेच दिला होता तो. शवपेटीत ठेवताना तिनेच बांधला होता...

ढोल वाजत होते, लांब.

"मिरो," ती म्हणाली.

काही नाही.

"वर्ष झालं. वर्षभर लोक तोंडाला येईल ते बोलले. तू आज येतोस? आणि येऊन एर्वा पितोस?"

तुंबा घोरला.

लोइवाने तो आवाज दारातून ऐकला. नळी इरासीच्या तोंडाला नव्हती, हे तिला दिसत होतं. तिच्या हातातला खराटा खाली पडला. तिला पुढे येववेना. मागेही जाववेना.

इरासीला भीती वाटली नाही असं कुणी सांगितलं तर खोटं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि रागापेक्षा रीत. तिने तुंबा घेतला. पुन्हा भरला. "पी. पोटभर पी. माझ्या बाकावरून पाहुणा उपाशी उठत नाही, मेलेला असला तरी."

असे किती झाले देव जाणे. तो पीत राहिला. आभार मानत नव्हता. आणि तो मानत नाही तोवर तिला उठता येत नव्हतं.

"थांबा काका," मेणबत्तीपलीकडचा एक पोरगा म्हणाला. "भुताला कुणी पाहुणा म्हणून पाजतं का?"

"तुझ्या घरी आलं तर तू काय करशील?"

"पळेन."

"म्हणून तुझ्या घरी कुणी येत नाही. गप्प बस."

मग एल्मार आला. हॉलमधून थेट, टिकल्यांचा चमचमता शर्ट, गालांना सोनेरी भुकटी, तोंडात मक्याच्या पातीची विडी. तंबाखूच्या शेडमध्ये पेटती विडी! पण मुकादमाला कोण बोलणार?

"अजून बसलीसच का गं? खड्डा काय इस्टरला झाडणार?"

"पाहुणा पितोय."

"कोण पाहुणा?"

"त्याने आभार मानले की उठते."

एल्मारने बाकाकडे पाहिलं. त्याला रिकामी जागा दिसली. तो हसला. "लोइवा, हिला कुणी पाजली गं? भावाच्या वळणावर गेली की काय?"

इरासीच्या हातातला तुंबा गार पडत चालला होता, आत उकळतं पाणी असून.

"हे बघ, माझ्याकडे वेळ नाही," एल्मार म्हणाला. "बारा वाजायच्या आत परत जायचंय. तू खाली उतरणारच आहेस, तर तेवढ्या दोन पेट्या वर दे."

"कसल्या पेट्या?"

"बियरच्या. हॉलमधली संपली. खाली बर्फात ठेवल्यात."

ढोल थांबले होते. दोन गाण्यांच्या मधली शांतता असेल.

"बर्फ कुठला?"

"इथलाच की. नळाला पोतं लावलं की भरतं. फुकटचा बर्फ. दर वर्षी..."

तो थांबला.

"दर वर्षी," इरासी म्हणाली. "एल्मार, मिरोला खाली कुणी पाठवलं होतं?"

एल्मारने दाराकडे पाहिलं.

"फुटलेली बाटली कुणाची होती?"

एल्मारने विडी तोंडातून काढली. परत तोंडात घातली. "एवढ्याशा बर्फाने माणूस मरत नाही," तो म्हणाला.

असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

इरासी बसून राहिली. एल्मारला तिची नजर सोसेना. "सरक. मीच काढतो," असं पुटपुटत त्याने शिडीला पाय लावला आणि पाठमोरा उतरायला लागला. तिला ठाऊक होतं आता. कोरड्या बर्फाचं पाणी होत नाही, त्याचा गॅस होतो, जड, बसका, वास नाही, रंग नाही. विहिरीत पाणी भरतं तसा तो खड्ड्यात भरतो. दोन दिवसांची पोती खाली होती. आणि तिला वाटलं... खरं तेच सांगतो... तिला वाटलं, उतरू दे.

तिने तुंबा भरला. बाजूला धरला.

तो घेतला गेला. आणि तसाच परत आला.

भरलेला. काठोकाठ. नळीला तोंड न लावता.

मिरोने आयुष्यात कधी भरला तुंबा परत केला नव्हता. तिच्या हातात तो ठेवला गेला... मग बोटांवर बर्फासारखी बोटं टेकली, आणि त्यांनी तिचा हात वर ढकलला. ऊठ.

"मेलास तरी मन मऊच रे तुझं!" इरासी ओरडली, आणि उठली.

एल्मारचं डोकं अजून काठावर दिसत होतं. विडीचं टोक लाल होतं. मग नव्हतं. विझली नाही, गेली, चिमटीत धरल्यासारखी. त्याने लायटर काढला. एकदा. पुन्हा. ठिणगीसुद्धा धरेना. त्याचं तोंड उघडलं, माशासारखं. शिडीवरचे हात सैल झाले.

इरासीने छातीभर श्वास घेतला, कोंडला, काठावर पालथी पडली आणि त्याची कॉलर धरली. टिकल्या तडातड तुटल्या. "लोइवा! माझे पाय!" असं ओरडायला तोंड उघडणं म्हणजे मरण, म्हणून ती ओरडलीच नाही. पण लोइवा आली. आत्तापर्यंत हलता न येणारी लोइवा धावत आली आणि तिच्या घोट्यांवर बसली. फाटकावरचा वॉचमन लोइवाचा आरडाओरडा ऐकून पोचला...

"म्हणजे तुम्हीच ना, काका?"

"मी वॉचमन म्हणालो. मी कुठं म्हणालो?"

...तिघांनी मिळून मुकादम वर ओढला. दारात नेऊन आडवा टाकला. बऱ्याच वेळाने खोकला, ओकला, रडला.

"श्वास आला?" इरासी म्हणाली. "मग चल."

"कुठं?"

"नाचायला."

तिने त्याला कॉलरला धरून अंधाऱ्या रस्त्याने चालवत नेलं. वाटेत तो दोनदा बसला, दोनदा तिने उठवलं. हॉलमध्ये शिरली तशी वाजंत्रीवाल्यांनी आपोआप हात थांबवले. तिने त्याला मंचावर चढवलं आणि माइक त्याच्या तोंडाशी धरला.

"बोल."

"इरासी, माझी बायकापोरं बसलीत समोर..."

"माझीही आई बसली होती समोर, तू मिरोला दारुडा म्हणालास तेव्हा. बोल."

एल्मार बोलला. बियर माझी होती. बर्फ मी भरला होता. मिरोला पेट्या काढायला मी पाठवलं. तो पडला आणि बाटली फुटली. तो प्यायलेला नव्हता.

इरासीने माइक काढून घेतला. "उद्या कपाळाला राख लावून घ्यायच्या आधी ज्याने ज्याने मान डोलावली त्याने माझ्या भावासमोर टोपी काढून उभं राहायचं. यायला जमणार नसेल तर सांगा, मी एकेकाच्या घरी येते. बाटली ठेवणाऱ्याच्या घरी आधी."

तेव्हा चर्चच्या घंटेने बारा दिले.

सकाळी स्मशानाच्या फाटकाबाहेरपर्यंत रांग होती. बोडक्या डोक्यांची. एल्मार पुन्हा कारखान्यात दिसला नाही, आणि त्या खड्ड्यावर आता जाळी आहे.

पण ते सकाळचं. त्याआधी, रात्रीच, ती शेडमध्ये परत आली. एकटी. लोइवा दारापर्यंत आली, आत नाही. थर्मास बाकावर होता तिथंच. तुंबा तिने घाईत जमिनीवर टाकला होता, भरलेला. तो बाकावर उभा होता. कोरडा. घोरेपर्यंत प्यायलेला.

आणि गळ्याला पान बांधलेलं होतं. जुडी बांधतात तसं, टोक आत खोचून.

काका थांबला. मेणबत्तीचं मेण त्याच्या बोटावर ओघळलं, त्याने पुसलं नाही.

"शेडमध्ये पानं असतातच की," पोरगा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"शेडमध्ये कापलेली तंबाखू येते. वाळलेली, केसाएवढी. अख्खं पान तिथं कधी येत नाही. आणि हे ओलं होतं. शेतातून खुडलेलं. मार्चात, खुडणी संपल्यावर, कुणाच्या शेतात पान उभं असतं, सांग बघू?"

"इरासीताई काय म्हणाली?" पोरीने विचारलं.

"काय म्हणणार? 'एवढं बांधायचंच होतं तर तोंडाने म्हणायला काय झालं होतं,' म्हणाली. आणि तिथंच बसून रडली."

पोरीचा तुंबा केव्हाचा संपला होता. आभार म्हणायला तिने तोंड उघडलं, मग काय वाटलं कोण जाणे, मिटलं, आणि तुंबा तसाच पुढे केला.

"आता ते पान वाळून गेलं असेल ना, काका?"

काकाने तुंबा भरला. "तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय मिरोचा तुंबा, पानासकट. परवाच हात लावून बघितलं मी."

"मग?"

"हिरवं आहे. बोटाला अजून चीक लागतो."